ट्रॉलीच्या चेसीसाठी टेबल

पहिली चेसी, म्हणजे ट्रॉलीचा खालचा सांगाडा, मी फरशीवरच जुळवली. एक कोपरा बोटभर वर राहिला. मग टेबल केलं. १०० बाय ५० एमएमचा चॅनेल (C आकाराचा लोखंडी बार), १२ बाय ६ फुटांची चौकट, दर दोन फुटांवर आडवा. सहा पाय, प्रत्येकाखाली २० एमएमचा बोल्ट. नट फिरवून उंची जुळवायची.

लेव्हल पाण्याच्या नळीने बघा, नळीत बुडबुडा नको. दोन्ही कर्ण टेपने सारखे आले की कोपऱ्यांतून तिरक्या दोन दोऱ्या ताणा. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. फट दिसली किंवा दोरी दबली, तर चौकटीत पीळ आहे.

आधी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टिपके, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडं थोडं वेल्डिंग. सलग मारलंत तर गार होताना लोखंड ओढतंच. माझं ओढलं होतं! गार झाल्यावर परत दोरी.