भीमेच्या पाण्यावर दर रविवारी: न्यूजलेटर लिहू पाहणाऱ्यांसाठी

न्यूजलेटर सुरू करायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, "कुठल्या प्लॅटफॉर्मवर?" माझ्या मते हा प्रश्न पाचवा-सहावा असायला हवा. पहिला प्रश्न असा की, कुणी सांगितलेलं नसताना दर आठवड्याला तुमचं लक्ष कशाकडे जातं? माझं धरणांकडे जातं. मी मूळची पंढरपूरची, नोकरी पुण्यात. पुण्यात नळाला येतं ते खडकवासला साखळीचं पाणी आणि माहेरचं सगळं गणित उजनीवर. दोन्ही एकाच भीमा खोऱ्यातली, एक वरच्या अंगाला, दुसरं खालच्या. त्यामुळे पावसाळ्यात धरणाचे आकडे बघायची सवय आधीपासूनच होती. न्यूजलेटर त्या सवयीतून निघालं.

विषय अरुंद ठेवा, हा माझा पहिला आग्रह. 'महाराष्ट्रातलं पाणी' असा विषय घेतला असता तर दर आठवड्याला वर्तमानपत्रातल्या बातम्या नव्याने लिहून काढाव्या लागल्या असत्या. भीमा खोरं घेतल्यामुळे तीच ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात: बंडगार्डन, दौंड, वीर, नीरा नृसिंहपूर. पहिल्या पावसाळ्यात ही फक्त नावं असतात. पुढे त्यांच्यातला संबंध दिसायला लागतो. उजनीत किती पाणी येणार याचा अंदाज दौंडच्या विसर्गावरून बांधतात. नीरा मात्र उजनीच्या खाली, नीरा नृसिंहपूरला भीमेला मिळते, म्हणून वीर धरणातून सोडलेलं पाणी उजनीत न थांबता थेट पंढरपूरकडे जातं. तिथल्या नदीच्या वाळवंटातल्या मंदिरांना पाणी लागणार का हे विचारायचं असेल तर एकट्या उजनीचा आकडा पुरत नाही, वीरचाही लागतो. एवढं कळलं की लिहायला सांगण्यासारखं काहीतरी हाताशी येतं. तुमचा विषय बाजार समितीतल्या भाज्यांच्या आवकेचा असो, गावोगावच्या शिलालेखांचा असो की मुलांच्या पुस्तकांचा, तो इतका लहान घ्या की वर्षभरात त्याचे कानेकोपरे तुमच्या ओळखीचे होतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईमेल एकदा गेली की गेली. संकेतस्थळावरचा लेख दुपारी दुरुस्त करता येतो. न्यूजलेटर मात्र शेकडो लोकांच्या इनबॉक्समध्ये जसंच्या तसं राहतं, आणि कुणीतरी ते तीन वर्षांनी शोधून काढून पुढे पाठवतं. म्हणून माझ्या आठवड्यातला सर्वांत मोठा वेळ लिहिण्यात जात नाही, पडताळण्यात जातो. शनिवारी रात्री मसुदा पूर्ण असतो. रविवारी सकाळी मी फक्त आकडे आणि नावं तपासते, वाक्यांना हात लावत नाही. दोन्ही कामं एकत्र केली की डोळा वाक्याच्या लयीवर राहतो आणि आकडा निसटतो.

पडताळणी म्हणजे टंकलेखनातल्या चुका शोधणं नव्हे. आकडा वाचणाऱ्याला तो खरोखर काय सांगतो, हे बघणं. उजनीचंच घ्या. उन्हाळ्यात बातम्या येतात, "उजनी उणे 30 टक्के". सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला हे कोडंच वाटतं. धरणात पाणी शून्यापेक्षा कमी कसं असेल? त्याचं उत्तर असं. उजनीची एकूण क्षमता 117.23 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा 53.57 टीएमसी आणि मृतसाठा 63.66 टीएमसी, म्हणजे मृतसाठाच जास्त. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर. उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के, आणि त्याखाली मृतसाठ्यातलं पाणी वापरायला लागले की उणे. उणे 30 टक्के म्हणजे मृतसाठ्यातलं साधारण 16 टीएमसी वापरलं, आणि धरणात अजून 47 टीएमसीच्या वर पाणी आहे. हे पाणी पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या मिळून 29.15 टीएमसी क्षमतेहून कितीतरी जास्त. पण ते खोलात असतं, कालव्याला सहज मिळत नाही, उपसायला वीज लागते. नुसतं "उणे 30" लिहिलं तर पुण्यातला वाचक घाबरतो. नुसतं "47 टीएमसी शिल्लक" लिहिलं तर करमाळ्यातल्या शेतकऱ्याला राग येतो. दोन्ही लिहावं लागतं, आणि दोघांमधलं अंतरही सांगावं लागतं.

मोजमापाची एककं तर मी दर अंकात एका ओळीत देते, कितीही वेळा दिलेली असली तरी. 1 टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. साडेअकरा हजार क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, चोवीस तास विसर्ग चालला की सुमारे 1 टीएमसी पाणी होतं. हे दुसरं वाक्य वाचकांना सगळ्यात उपयोगी पडलं असं त्यांच्या उत्तरांवरून दिसतं, कारण टीव्हीवर क्युसेकचा आकडा ऐकला की ते स्वतः हिशेब मांडू शकतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, हेही असंच. "रविवारी 90 मिलिमीटर पाऊस" याचा अर्थ शनिवारी सकाळी साडेआठ ते रविवारी सकाळी साडेआठ. शनिवारी संध्याकाळी भिजलेल्या माणसाला हा आकडा रविवारच्या नावावर का, ते सांगायला नको का?

विषय जितका लहान, तितके वाचक एकमेकांच्या जवळचे असतात, आणि म्हणून शब्द जपून वापरावे लागतात. माझं एकच पत्र पुण्यातल्या सोसायटीत, इंदापूरच्या शेतात आणि सोलापूरच्या घरात एकाच वेळी उघडतं. 2021 मध्ये इंदापूर तालुक्यासाठी उजनीतून 5 टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्ह्यात आंदोलनं झाली आणि तो रद्द करावा लागला. हा इतिहास ज्यांच्या मनात ताजा आहे, त्यांना "पळवलं" आणि "दिलं" यांतला एक शब्द वाचला तरी लिहिणारा कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. मी "सोडलं", "उचललं", "वळवलं" अशी क्रियापदं वापरते. मत असतं, आणि ते मी देते, पण वेगळ्या परिच्छेदात आणि "माझं मत" म्हणून. वरच्या शहराने सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडायचं आणि खालच्या जिल्ह्याने ते धरणात साठवून प्यायचं, हे मला मान्य नाही. मी ते स्पष्ट लिहिते. त्यावर पुण्यातून आलेली उत्तरंसुद्धा मला मोलाची वाटतात.

उत्तरांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नव्याने लिहिणारे याकडे दुर्लक्ष करतात. न्यूजलेटरला उत्तर देणारा माणूस चारचौघांत बोलत नसतो, तो तुम्हाला एकट्याला लिहितो. त्यामुळे तो खरं लिहितो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते माझ्या आकड्यांखालची गृहीतकं सांगतात. गाळ साचून क्षमता बदलते, पण तक्त्यातला आकडा जुनाच राहतो, हे त्यांच्याकडून समजलं. इंदापूर तालुक्यातल्या एका वाचकाने कळवलं की पळसदेवच्या जुन्या मंदिराचं शिखर पाण्याबाहेर आलंय, आणि त्यासोबत उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर कुणी केली आहे, काय पेरलंय, हेही. टक्केवारीच्या तक्त्यात यातलं काहीच नसतं. त्या आठवड्याचा अंक मी त्यांच्या पत्राभोवती लिहिला, अर्थात त्यांना विचारून आणि नाव न देता. परदेशात राहणारी सोलापूरची मंडळी तर आकड्यांपेक्षा अशा मजकुरासाठीच वाचतात.

तेव्हा प्रत्येक अंकाच्या शेवटी एक खरा प्रश्न विचारा. "कसं वाटलं ते कळवा" याला कुणी उत्तर देत नाही. "तुमच्या भागात कालव्याचं आवर्तन कधी आलं?" याला देतात. आणि आलेल्या प्रत्येक उत्तराला दोन ओळींचं का होईना, उत्तर पाठवा. याचा एक तांत्रिक फायदाही आहे: ज्या पत्त्याशी दोन्ही बाजूंनी पत्रव्यवहार होतो, त्याची ईमेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होते.

तांत्रिक गोष्टी निघाल्याच आहेत तर मराठीत लिहिणाऱ्याला हमखास अडणाऱ्या दोन-तीन सांगते. जीमेल साधारण 102 केबीपेक्षा मोठा संदेश मध्येच तोडतं आणि खाली "पूर्ण संदेश पाहा" असा दुवा देतं. देवनागरीतलं एकेक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, संगणकात तीन बाइट घेतं. रोमन अक्षर एकच घेतं. त्यामुळे इंग्रजी न्यूजलेटरसाठी ठरलेली लांबी आपल्याला चालत नाही, मजकूर त्याआधीच तुटतो. पाठवण्यापूर्वी स्वतःच्या जीमेलवर एक प्रत मागवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत फोनवर वाचा. विषयाच्या ओळीत महत्त्वाचा शब्द पहिल्या तीन-चार शब्दांतच आणा, फोनवर पुढचं दिसत नाही.

किती जणांनी अंक उघडला या आकड्यावर फार विसंबू नका. 2021 मध्ये अॅपलने आपल्या मेल अॅपमध्ये अशी सोय आणली की वाचकाने पत्र उघडलं नाही तरी ते उघडल्यासारखं दिसू शकतं. मी आता उत्तरं मोजते आणि यादी सोडून जाणारे मोजते. स्वतःचं डोमेन वापरून पाठवणार असाल तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी लावून घ्या, पत्र खरंच तुमच्याच डोमेनवरून आलंय हे त्यांवरून तपासतात. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. आणि यादी सोडण्याचा दुवा ठळक ठेवा. ज्याला नको आहे त्याला सहज जाता आलं नाही तर तो "स्पॅम" दाबतो, आणि त्याची किंमत बाकी सगळ्या वाचकांना मोजावी लागते.

प्लॅटफॉर्म कुठलाही निवडा, पण वाचकांची यादी दर महिन्याला उतरवून घ्या. ट्विटरने घेतलेलं रेव्ह्यू जानेवारी 2023 मध्ये बंद झालं, टायनीलेटर फेब्रुवारी 2024 मध्ये. ज्यांच्याकडे यादी होती ते दुसऱ्या आठवड्यात दुसरीकडून लिहायला लागले. उतरवलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात. घाबरू नका, यूटीएफ-8 निवडून आयात करा किंवा गुगल शीट्समध्ये उघडा.

पैशांबद्दल थोडक्यात. मी वार्षिक ऐच्छिक वर्गणी यूपीआयवर घेते आणि अंक सगळ्यांना मोफत ठेवते. पाण्याची माहिती पैसे भरणाऱ्यालाच मिळावी हे मला पटत नाही. तुमच्या विषयाला ते पटत असेल तर जरूर पैसे घ्या, पण आधी वर्षभर नेमाने लिहा.

नेमाचं मात्र गांभीर्याने घ्या. पावसाळ्यात लिहायला विषय कमी पडत नाहीत. खरी कसोटी लागते फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा धरणांचे आकडे रोज थोडे थोडे उतरत असतात आणि बातमी म्हणावी असं काही घडत नाही. त्यासाठी मी जून ते सप्टेंबर एक वेगळी वही ठेवते. गर्दीच्या आठवड्यांत ज्याला जागा मिळाली नाही ते तिच्यात जातं: 15 ऑक्टोबरच्या साठ्यावरून वर्षाचं नियोजन कसं होतं, कालवा सल्लागार समितीत कोण बसतं, बाष्पीभवनात किती जातं, भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी कधी येतात आणि पाणी जास्त असलं की का दिसत नाहीत. उन्हाळ्यातले अंक या वहीतून येतात, आणि पुढे पाठवले जातात ते बहुतेक हेच. सुट्टी घ्यायची असेल तर आधीच्या अंकात सांगून घ्या. वाचक थांबतात, फक्त त्यांना तारीख माहीत असावी लागते.

सुरुवात करताना कुठेही जाहीर करण्याआधी चार अंक लिहून ठेवा आणि ओळखीच्या दहा-बारा जणांना पाठवा, त्यांत तुमच्या विषयातला एक तरी जाणकार असू द्या. चौथा अंक लिहिताना पाचव्याचा विषय आपसूक सुचला, तर यादी सगळ्यांसाठी खुली करायला हरकत नाही. सुचला नाही तर विषय अजून थोडा लहान करून पाहा.