नवा कॉम्प्युटर सुरू करताना: लोकल अकाउंट की ऑनलाइन?

नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की भाषा, कीबोर्ड आणि वाय-फाय विचारून झाल्यावर विंडोज ११ लगेच ईमेल मागते. बहुतेक जण हाताशी असेल तो ईमेल टाकून पुढे जातात. पण तिथे तीन गोष्टी ठरून जातात: डिस्कच्या कुलपाची जादा किल्ली कुठे राहणार, तुमच्या फोल्डरला नाव काय पडणार, आणि डेस्कटॉपवरच्या फायली नेमक्या कुठे साठणार. पासवर्ड कुठला लक्षात ठेवायचा, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे.

लोकल अकाउंट म्हणजे नाव आणि पासवर्ड फक्त त्या यंत्रात. ऑनलाइन अकाउंट म्हणजे तुमची ओळख मायक्रोसॉफ्टकडे, आणि यंत्रात त्याच्याशी जोडलेला एक युजर. ऑनलाइन अकाउंट असलं की दर वेळी नेट लागतं, हा समज चुकीचा आहे. एकदा लॉग-इन झालं की नेट नसतानाही यंत्र उघडतं. फक्त पासवर्ड दुसऱ्या ठिकाणाहून बदलला असेल, तर हे यंत्र नेटला जोडलं जाईपर्यंत जुनाच पासवर्ड मानतं, आणि ‘नवा पासवर्ड चालत नाही’ म्हणून माणूस गोंधळतो. पिन मात्र दोन्ही प्रकारांत ठेवता येतो आणि तो त्या एका यंत्रापुरताच असतो.

डिस्कचं कुलूप

निर्णय खरा इथे अडतो. चालण्याजोगं हार्डवेअर असेल तर ऑनलाइन अकाउंटने लॉग-इन करताच विंडोज डिस्क एन्क्रिप्ट करून, म्हणजे आतला मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून, कुलूप लावते आणि ४८ अंकी रिकव्हरी की (सुरुवातीला म्हटलेली जादा किल्ली) त्या अकाउंटमध्ये जमा करते. हे सगळं न विचारता होतं. एरवी ही की कधीच लागत नाही. पण बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झाला, सिक्युअर बूट या त्यातल्या सुरक्षेची सेटिंग बदलली, मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लावली, की निळ्या पडद्यावर तिचीच मागणी होते. सेटअपच्या वेळी ‘नंतर बघू’ म्हणून तात्पुरता ईमेल बनवला असेल आणि आता तो आठवत नसेल, तर डेटा गेला. ही की मायक्रोसॉफ्टलाही नव्याने तयार करून देता येत नाही.

सुरुवातीपासून लोकल अकाउंट ठेवलं तर उलटी अडचण. विंडोजच्या होम या घरगुती आवृत्तीत एन्क्रिप्शनची तयारी झालेली असते, पण किल्ली कुलपातच अडकवून ठेवल्यासारखी अवस्था राहते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ उघडलं तर ऑनलाइन साइन-इन करून काम पूर्ण करा, अशी सूचना दिसते. तोवर चोराने डिस्क काढली तर त्याला सगळं वाचता येतं. लॉग-इनचा पासवर्ड त्याला अडवत नाही. प्रो या व्यवसायासाठीच्या आवृत्तीत मात्र लोकल अकाउंट ठेवूनही बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) हाताने चालू करता येतं आणि की पेन ड्राइव्हवर किंवा कागदावर घेता येते. ज्या ड्राइव्हला कुलूप लावताय त्याच ड्राइव्हवर विंडोज ती साठवू देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

फोल्डरचं नाव, वनड्राइव्ह आणि शेअरिंग

ऑनलाइन अकाउंटने सेटअप केलं की सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’ फोल्डरात तुमच्या नावाने जे फोल्डर बनतं, त्याला साधारणपणे ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात. नाव अर्धवट तुटून विचित्र दिसतं. ते नंतर बदलायचं तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, हात घालावा लागतो आणि इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम जुनाच पत्ता शोधत राहतात, म्हणून त्या भानगडीत पडू नये. लोकल अकाउंट बनवताना तुम्ही टाइप कराल तेच नाव फोल्डरला मिळतं. ते इंग्रजी लहान अक्षरांत, एकच शब्द, मध्ये जागा न सोडता द्यावं. देवनागरीत दिलं तर काही जुने प्रोग्रॅम आणि प्रोग्रॅमिंगची साधनं तो पत्ता वाचताना अडखळतात. पडद्यावर देवनागरी नाव हवंच असेल तर नंतर कंट्रोल पॅनेलमधून फक्त दिसणारं नाव बदला; फोल्डर तसंच राहतं.

ऑनलाइन अकाउंटबरोबर वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू झाला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात जातात. मोफत जागा ५ जीबी. फोटो टाकले की ती भरते आणि मग जागा विकत घ्या असा धोशा सुरू होतो. शिवाय काही फायली फक्त क्लाउडवर राहतात, यंत्रात नुसतं नाव दिसतं. नेट नसताना फाइल उघडत नाही ती यामुळे. फाइलजवळ ढगाचं चिन्ह असेल तर ती यंत्रात नाही असं समजा.

घरातल्या किंवा ऑफिसातल्या दोन यंत्रांत फोल्डर शेअर करायचं असेल तर लोकल अकाउंट फार सोपं जातं. दुसऱ्या यंत्रावरून जोडताना पिन चालत नाही, पूर्ण पासवर्डच लागतो. ऑनलाइन अकाउंटवाले रोज पिनने उघडतात, पासवर्ड विसरलेले असतात, आणि ‘नेटवर्क पासवर्ड चुकीचा’ या संदेशावर तास घालवतात. लोकल अकाउंटलाही पासवर्ड मात्र हवा. पासवर्डच नसलेल्या अकाउंटने नेटवर्कवरून आत येऊ द्यायचं नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे.

कुणी काय निवडावं

बाहेर फिरणारा लॅपटॉप, होम आवृत्ती, आणि की जपून ठेवण्याचा कंटाळा असेल तर ऑनलाइन अकाउंटच ठेवा. हरवलेलं यंत्र शोधण्याची सोयही त्यातच मिळते, आणि लायसन्स अकाउंटशी जोडलेलं असल्याने मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेट करणं सोपं जातं. एका जागी असलेला, अनेकांनी वापरायचा किंवा फक्त बिलिंगसाठीचा कॉम्प्युटर असेल तर लोकल. ज्यांना दोन्हीतलं बरं ते हवं असेल त्यांनी ऑनलाइन सुरू करून कुलूप लागू द्यावं, की कागदावर घ्यावी आणि मग लोकलवर यावं. हाच मार्ग बहुतेकांसाठी सर्वांत शहाणपणाचा आहे. कुलूप एकदा पूर्ण लागलं की नंतर लोकल अकाउंट वापरलं तरी ते उघडत नाही.

ऑनलाइन निवडलंत तर ईमेल स्वतःचाच हवा, नोकरीचा किंवा कॉलेजचा नको. तिथून बाहेर पडलात की ते अकाउंट बंद होतं. नंतर ऑफिसचं मेल जोडताना ‘संस्थेला हे यंत्र सांभाळू द्या’ अशा अर्थाचा चौकोन आधीच टिक केलेला असेल तर ती टिक काढा. अकाउंटला दोन पर्यायी संपर्क जोडून ठेवा. जुना मोबाइल नंबर बंद पडला आणि सुरक्षेची सगळी माहिती एकदम बदलावी लागली, तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबवून ठेवतं.

ऑनलाइनवरून लोकलवर, पायरीपायरीने

होम आवृत्तीच्या सेटअपमध्ये लोकलचा पर्याय दिसतच नाही. सेटअपच्या वेळी काळी कमांड विंडो उघडून करायच्या युक्त्या काही वर्षं चालल्या, पण २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाचणी आवृत्त्यांतून त्या काढायला सुरुवात केली, म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नका. पुढचा मार्ग लांबचा आहे, पण खात्रीचा.

१. स्वतःच्या ईमेलने सेटअप पूर्ण करा. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा.

२. ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर ‘डिव्हाइसेस’खाली या यंत्राची रिकव्हरी की शोधा आणि कागदावर उतरवा. सोबत की आयडीची पहिली आठ अक्षरंही लिहा. निळ्या पडद्यावर तोच आयडी दिसतो, आणि घरात दोन यंत्रं असली की त्यावरूनच कुठली की कुणाची ते कळतं.

३. सेटिंग्ज, मग ‘अकाउंट्स’, मग ‘अदर युजर्स’, तिथे ‘ॲड अकाउंट’. ईमेल मागेल. या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही, अशा अर्थाची लिंक दाबा आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडण्याचा पर्याय घ्या.

४. नाव, पासवर्ड आणि तीन प्रश्नांची उत्तरं भरा. उत्तरं खरी असायलाच हवीत असं नाही. पहिल्या शाळेचं नाव ओळखीचा कुणीही सांगेल, म्हणून काहीतरी असंबद्ध लिहा आणि कीच्याच कागदावर नोंदवा.

५. नव्या युजरवर ‘चेंज अकाउंट टाइप’ करून ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ (सगळे अधिकार असलेला युजर) निवडा. ही पायरी हमखास राहते आणि मग जुना युजर काढायची परवानगीच मिळत नाही.

६. साइन-आउट करून नव्या युजरने आत या. सगळं ठीक असेल तर ‘अदर युजर्स’मधून जुना काढा. त्याच्यासोबत त्याच्या फायलीही पुसल्या जातात, म्हणून हे पहिल्याच दिवशी करावं.

यंत्र काही महिने वापरात असेल तर नवा युजर बनवू नका. ‘अकाउंट्स’मध्ये ‘युअर इन्फो’खाली लोकल अकाउंटने साइन-इन करण्याचा पर्याय असतो; त्याने फायली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात, फक्त फोल्डरचं जुनं नाव कायम राहतं. त्याआधी वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळ्या फायली उतरू द्या, आणि मगच बॅकअप थांबवा. हा क्रम उलटा केलात तर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि घाम फुटतो. फायली सहसा वनड्राइव्हच्या फोल्डरातच सापडतात.

प्रो आवृत्तीत रस्ता जवळचा आहे. सेटअपमध्ये ऑफिस किंवा शाळेसाठीचा पर्याय निवडा, ‘साइन-इन ऑप्शन्स’ उघडा आणि ‘डोमेन जॉइन इन्स्टेड’ घ्या. नाव भारदस्त असलं तरी यंत्र कुठल्याही डोमेनला (संस्थेच्या नेटवर्कला) जोडलं जात नाही, साधं लोकल अकाउंट बनतं. विंडोज नव्याने टाकतच असाल तर रूफस या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्ह बनवताना ऑनलाइन अकाउंटची अट काढण्याचा चौकोन टिक करा. सेटअपच्या वेळी नेट बंद ठेवा, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही.

लोकलवर आल्यानंतर एक फसवी जागा येते. स्टोअर किंवा वर्डमध्ये ईमेलने साइन-इन करताना हे अकाउंट सगळ्या यंत्रभर वापरायचं का, असं विचारलं जातं. मोठं बटण ‘नेक्स्ट’, खाली बारीक अक्षरांत ‘मायक्रोसॉफ्ट ॲप्स ओन्ली’. बारीक अक्षरांवरच क्लिक करा, नाहीतर सगळी मेहनत वाया.

लोकल पासवर्ड विसरलात तर ईमेलवर कोणी दुवा पाठवत नाही. म्हणून कंट्रोल पॅनेलच्या ‘युजर अकाउंट्स’मधून पेन ड्राइव्हवर पासवर्ड रिसेट डिस्क बनवून ठेवा. दुसरा ॲडमिनिस्ट्रेटर युजर असला तरी काम भागतं.

मॅकवर युजर मुळातच लोकल असतो. ॲपल अकाउंट वेगळं विचारलं जातं आणि ते नंतरसाठी ठेवता येतं. लिनक्समध्ये उबंटूसारख्या प्रणाली लोकल युजरच बनवतात. क्रोमबुकला मात्र गूगल अकाउंट लागतंच. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट मोडमध्ये काहीही साठत नाही.

मॅक विकायचा असेल तर आधी ‘फाइंड माय’ ही हरवलेलं यंत्र शोधण्याची सोय बंद करून ॲपल अकाउंटमधून साइन-आउट करा, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे घेणाऱ्याला तो सुरूच करता येत नाही. विंडोजचं यंत्र पूर्ण रिसेट करा आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावरच्या ‘डिव्हाइसेस’ यादीतूनही काढून टाका.