बागेतलं जुनं झाड बोन्सायसाठी काढताना

अंगणातलं किंवा कुंपणातलं जुनं झाड तोडायचंच असेल, तर आधी त्याचा बुंधा नीट बघा. जाड, खाली पसरलेला, मुळांनी जमीन धरलेला बुंधा कुंडीत तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात. इथे तो आयताच मिळतो.

घाई मात्र अजिबात नको. जमत असेल तर वर्षभर आधी बुंध्याभोवती अर्ध्या वर्तुळात चर खणून मुळं छाटा आणि चर जाड वाळूने भरा. छाटलेल्या टोकांशी बुंध्याजवळच बारीक तंतुमुळं फुटतात, आणि झाड जगतं ते या केसासारख्या मुळांवर. जाड मुळं मुख्यतः आधार देतात आणि अन्न साठवतात, त्यामुळे तंतुमुळं पुरेशी असतील तर सोटमूळ कापलं तरी चालतं.

पानगळीची झाडं कळ्या फुगण्याच्या जरा आधी काढावीत. वड-पिंपळाच्या जातीची उबदार हवेत, वाढ जोरात असताना. त्यांचा शेंडा बिनधास्त कापा, पण सुचिपर्णी झाडाच्या प्रत्येक फांदीवर थोडी हिरवळ राहू द्या, नाहीतर ती फांदी वाळते.

काढल्याबरोबर मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळा. पाणी झरझर निघून जाईल अशा भरड मिश्रणात झाड लावा आणि तारेने कुंडीला घट्ट बांधा. बुंधा हलला की नवी मुळं तुटतात, हे फार जण विसरतात. जोमदार नवी फूट येईपर्यंत खत नको, कडक ऊनही नको. पहिली पालवी बुंध्यात साठलेल्या अन्नावरही फुटते, तेवढ्यावरून झाड रुजलं असं समजू नका. आकार देणं पुढच्या वर्षी.