साडेसातव्या महिन्यात आलेल्या बाळाचं दूध

सांगलीत नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे मी. तासगाव, जतहून आलेल्या आया पहिल्या दिवशी म्हणतात, "सिस्टर, दूधच येईना." येतं. प्रसूतीनंतर शक्यतो तासाभरातच हाताने पिळायला लागा. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून ८ वेळा, रात्रीचंसुद्धा. रात्रीचं चुकलं की दूध आटतं. पहिला पिवळा चीक चमचाभर निघाला तरी टाकू नका. हात आणि वाटी स्वच्छ हवी.

एवढा आग्रह कशाला? कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं. त्याला सूज येऊन ते सडू शकतं. आम्ही त्याला एनईसी म्हणतो. आईच्या दुधाने हा धोका कमी होतो, पावडरच्या दुधाने वाढतो. आपलं कमी पडलं तर दूधपेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळेल का ते विचारा.

नळीतून १-२ मिलीच दूध दिलं की आजी हिरमुसतात. वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. घुटी, मध, गुळाचं पाणी पदरात लपवून आणू नका, मला वास येतो!

पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, बाळ मलूल: लगेच हाक मारा. घरी गेल्यावर असं दिसलं तर पाजणं थांबवून थेट दवाखाना गाठा, पोटाला हिंग लावत बसू नका.