समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पर्यावरण अहवाल करताय? या चुका टाळा

गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या करण्यासाठी केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मुंबईत सागरी पाहणी करणारी मंडळी बरीच आहेत, तेव्हा यातलं काही काम इथे येईलच. खाडीवरचे पूल, जेट्या, पाइपलाइन यांच्या अहवालांत ज्या चुका आपल्या अंगवळणी पडल्यात, त्या खुल्या समुद्रात नेऊ नयेत असं मनापासून वाटतं. पाहणी कधी आणि कुठे करायची हे ठरतं, तिथेच अहवाल निम्मा बिघडलेला असतो.

हद्दीपासूनचं अंतर मोजून मोकळं होणं

‘प्रकल्प अभयारण्यापासून अमुक किलोमीटर लांब आहे, सबब परिणाम नगण्य.’ हे वाक्य दिसलं की तो अहवाल परत पाठवावा. ठाणे खाडीचंच बघा. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ही मान्यता, मिळाला. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी खाडीत चरतात. भरतीने चिखल बुडाला की उठतात आणि नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात. ही तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. अशा ठिकाणी समुद्रातली केबल किनाऱ्यावर आणून पुढे टॉवरवरून न्यायची ठरली, तर तारा नेमक्या त्या ये-जा करण्याच्या वाटेत येतील. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले, तेही असेच वाटेवर होते आणि वेळ रात्रीची होती.

म्हणून मोजणी भरती-ओहोटीच्या कोष्टकावर बसवा. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस घ्या, भांगाचे, म्हणजे लहान भरतीचेही घ्या. रात्रीच्या उड्डाणांसाठी रडार लावा आणि थव्याची उंची लिहून ठेवा, कारण पात्याच्या टप्प्यात कोण येतं ते उंचीवरूनच कळतं.

कासवांना तर हद्दीचा नकाशा आणखीच तोकडा पडतो. २०२३ मध्ये गुहागरला सॅटेलाइट टॅग लावलेली ‘बागेश्री’ ही कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती.

पावसाळा वगळणं

आपल्याकडे एका ऋतूची, पावसाळा सोडून घेतलेली आकडेवारी चालवून घेण्याची सवय आहे. होडी बाहेर काढता येत नाही हे खरंच. पण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवण्यामागे माशांच्या विणीचं कारण आहे, आणि नेमके तेच दिवस तक्त्यात कोरे. होडी जात नसेल तर समुद्र खवळण्याआधी तळाशी आवाज टिपणारा रेकॉर्डर ठेवा आणि पावसाळा सरला की काढा. नांगर पक्का हवा. जागा स्थानिक नाखव्याला विचारून निवडा, नाहीतर उपकरण जाळ्यात तरी जाईल किंवा गाळात.

‘डॉल्फिन आढळले नाहीत’

ही चूक सगळ्यात जास्त सतावते, कारण ती शास्त्रीय दिसते. मुंबईच्या किनाऱ्यालगत हंपबॅक डॉल्फिन आहेत. पाठीवर पर नसलेला फिनलेस पॉर्पॉइजही पश्चिम किनाऱ्यावर आहे. गढूळ पाण्यात तो क्षणभर वर येतो आणि नुसत्या डोळ्यांना सहसा सापडत नाही. मग हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक लावला जातो, पण आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारा. पॉर्पॉइजचा आवाज साधारण १२५ ते १४० किलोहर्ट्झवर असतो. तो पकडायचा तर नमुने सेकंदाला किमान तीन लाख हवेत. कमी क्षमतेच्या यंत्राची फाइल शांत निघते आणि अहवालात प्राणीच नाही अशी नोंद होते. शांत फाइल आली की आधी यंत्राची सेटिंग तपासा.

युरोपातल्या उत्तर समुद्रातले उपाय जसेच्या तसे उतरवणं

पवनचक्कीचा खांब समुद्रतळात ठोकताना भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडला की आवाज दबतो. जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा पाळायला तो वापरतात. पण जोरदार प्रवाहात बुडबुडे वाहून जातात, आणि खंबातच्या आखातात प्रवाह भयंकर आहे. तिथे तो किती टिकेल याचं गणित अहवालात मांडलेलं हवं. त्याच जर्मनीत बांधकामाआधी दोन वर्षांच्या पाहणीची अट आहे. उचलायचीच झाली तर आधी ती उचला.

एकत्रित परिणामाचं प्रकरणही दोन परिच्छेदांत उरकू नका. शेजारची बंदरं, गाळ उपसा, जहाजांचे मार्ग हे सगळं एकाच नकाशावर आलं पाहिजे.

कोळ्यांना शेवटी बोलावणं

वरळीच्या क्लीव्हलँड बंदरासमोर किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरलं होतं. होड्या सुरक्षित जाणार नाहीत म्हणून कोळी बांधव लढले, तेव्हा ते १२० मीटर झालं. तोवर काम सुरू होऊन बराच काळ लोटला होता. समुद्रात केबल टाकताना हाच प्रश्न डोलीच्या खुंट्यांचा येईल. बोंबील धरणारी डोल प्रवाहाच्या तोंडाशी एका जागी बांधलेली असते, ती वाटेल तिथे सरकवता येत नाही. केबलची रेघ ओढण्याआधी मच्छीमार सोसायटीत जाऊन खुंट्यांच्या जागा जीपीएसवर नोंदवून घ्या, आणि जनसुनावणीच्या आधी तोच नकाशा मराठीत छापून त्यांच्या हातात परत द्या.