जमीन पोराच्या नावावर करताय? आधी जुने फेरफार काढा

"दोनशे रुपयांच्या स्टॅम्पवर काम होतंय" हे पारावर बसून सांगणारे गावोगाव आहेत. तासगाव-पलूसपासून कराड-कोरेगावपर्यंत बक्षीसपत्रांच्या, म्हणजे मोबदला न घेता जमीन नावावर करून देण्याच्या दस्तांच्या, कामात मी बराच फिरलोय. हे दोनशेचं ऐकून आलेल्यांची रजिस्टर ऑफिसच्या दारातच पैशाची जुळवाजुळव चाललेली असते.

म्हणून खर्चाचं आधी. शेतजमीन मुलगा, मुलगी, नातू, नात, नवरा, बायको किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आणि नोंदणी फी 200 रुपये. इथवर पारावरचं खरं. पण ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा 1 टक्का वेगळा लागतो, तोही रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या, किमतीवर. जमिनीची किंमत 20 लाख निघाली तर 20 हजार झाले. मुलगा हयात असताना सुनेच्या नावावर करायचं म्हणाल तर दोनशेची सवलत मिळत नाही. भावाला द्यायची तर 3 टक्के.

सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, दोन साक्षीदार, हे कुणीही सांगेल.

आता खरं काम. जमीन वडिलांच्या नावावर आहे म्हणजे ती वडिलांची आहे, असं समजू नका. सातबाऱ्यावर नावाखाली किंवा शेजारी गोलात फेरफाराचे, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदींचे, नंबर असतात. त्यातला सगळ्यात जुना धरा आणि तिथून एकेक फेरफार मागे काढत जा. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. मध्ये गटवारी (जमिनींचं एकत्रीकरण करून नवे गट नंबर देणं) झाली असेल तर जुना सर्व्हे नंबर आणि आत्ताचा गट नंबर जुळत नाही, आणि इथंच बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. मलाही सुरुवातीला याच ठिकाणी फार त्रास झाला. भूमी अभिलेखकडून एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) चा उतारा घ्या, त्यात कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला ते मिळतं.

हे सगळं कशासाठी? तीन गोष्टी शोधायला.

पहिली, 'ए.कु.मॅ.' हा शेरा. एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या काळी थोरल्या भावाचं नाव असं लावायचे आणि बाकीचे भाऊ कागदावर दिसायचेच नाहीत. पुढं संगणकीकरणात किंवा एखाद्या फेरफारात तो शेरा गळला की थोरला एकटाच मालक दिसतो. धाकट्यांचा हक्क मात्र गळत नाही.

दुसरी, आत्या. आजोबा वारल्यावर वारस नोंद करताना मुलांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, आणि मुलींची इतर हक्कात, ही आपल्याकडची जुनी रीत. इतर हक्कात नाव आहे म्हणून हिस्सा कमी होत नाही. "आत्यानं कधीच सोडलंय" असं घरात सगळे म्हणतात. कशानं सोडलं विचारलं की तलाठ्यापुढचा जबाब किंवा नोटरी केलेला स्टॅम्प पुढं येतो. त्यानं हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं आणि बहिणीनं भावाला करून द्यायचं असेल तर त्याचा स्टॅम्प 2024 पर्यंत 200 रुपयांचा होता, आता 500 चा आहे. आत्या हयात आणि मन मोठं आहे तोवर करून घ्या. ती गेल्यावर तिच्या मुलांची, मग नातवंडांची सही गोळा करायची पाळी येते, त्यातलं एखादं पुण्यात, एखादं सुरतेला.

तिसरी, जमीन आली कशी. वडिलांनी स्वतः खरेदी केली असेल तर प्रश्न मिटला, कुणालाही द्या. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर न वाटलेला हिस्सा वडिलांना परस्पर बक्षीस देता येत नाही. आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीही मुलांच्या बरोबरीनं हिस्सेदार आहेत. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय. अशा जमिनीला बक्षीसपत्राचा हट्ट धरू नका. सगळे हिस्सेदार एकत्र बसवा आणि नोंदणीकृत वाटणीपत्र करा, किंवा महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज द्या. तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदारानं धाकट्या पोराला बाग बक्षीस दिली, नोंदीला आत्याच्या नातवानं हरकत घेतली, आणि प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडून प्रांताकडं गेलं. बागेवरचं कर्ज तेवढा काळ अडकून पडलं.

इतर हक्काचा रकाना वाचताना बाकीचंही बघा. विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर आधी सोसायटीशी बोला. भोगवटादार वर्ग-2 (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) असेल तर परवानगी आधी. कुळकायद्यातली जमीन असेल आणि 32-म प्रमाणपत्राला (कुळानं जमीन खरेदी केल्याच्या दाखल्याला) दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा भरून मार्ग निघतो. धरण आणि उपसा योजनांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदीचे शेरे सापडतात. तो शेरा तसाच ठेवून दस्ताला जाऊ नका.

गटातला तुकडा द्यायचा असेल तर प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचं किमान क्षेत्र, सांभाळा: जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10 गुंठे.

दस्त लिहून घेताना चतुःसीमा जुन्या दस्तावरून उतरवू नका, बांधावर जाऊन लिहा. शेजारचा शेतकरी बदललेला असतो. विहिरीचा हिस्सा आण्यात लिहा, मोटारीची पाळी वारासकट लिहा, पाइपलाइन कुणाच्या बांधातून येते तेही लिहा. पुढची भांडणं जमिनीवरून कमी आणि पाण्यावरून जास्त होतात. मुलानं बक्षीस स्वीकारल्याचं वाक्य आणि त्याची सही हवीच. स्वीकार वडिलांच्या हयातीत व्हावा लागतो.

आणि एक वाक्य मी कुणालाही गाळू देत नाही: "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा सांभाळ व औषधपाणी करायचे आहे, या अटीवर." बक्षीसपत्र एकदा झालं की मनात आलं म्हणून मागं घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 दाद देतं, पण सांभाळाच्या अटीवर जमीन दिल्याचं दाखवावं लागतं. पोरगं कितीही गुणाचं असो, अट लिहा. माझं ऐकाल तर सगळी जमीन देऊच नका. थोडी तरी वडिलांच्या नावावर राहू द्या, सोसायटीत त्यांचं स्वतःचं खातं चालू राहतं.

दस्ताच्या दिवशी सह्या, फोटो, अंगठे, तासाभराचं काम. वडील अंथरुणावर असतील तर दुय्यम निबंधकांना घरी येण्यासाठी अर्ज करता येतो.

दस्तानंतर फेरफार तलाठ्याकडे आपोआप जातो, पण आपोआप पुरा होत नाही. नोटिसा सगळ्यांना पोचल्या का बघा, हरकतीचे 15 दिवस गेले की मंडळ अधिकाऱ्याकडं चौकशी करा. नोंद प्रमाणित झाली की 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढून क्षेत्र आणि नावातली वेलांटी तपासा. मोटारीचं वीज कनेक्शन मात्र अजून वडिलांच्याच नावावर असतं. त्यासाठी महावितरणकडं अर्ज वेगळा, आणि कारखान्याकडं उसाची नोंदही नव्यानं.