सवाईच्या बैठकीत कंबर सांभाळताना

डिसेंबर आला की पुण्यातल्या अनेक घरांत माळ्यावरच्या सतरंज्या खाली उतरतात, शालींना ऊन दाखवले जाते आणि चाळिशी ओलांडलेल्या रसिकांच्या मनात यंदा सवाई गंधर्व संगीत महोत्सवात कोण गाणार या प्रश्नाच्या जोडीने कंबर साथ देईल का, हाही प्रश्न घोळू लागतो. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव रमणबागेच्या पटांगणातून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. रात्र रात्र चालणाऱ्या मैफलीही ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घालणाऱ्या २००० सालच्या नियमांमुळे, एखाददुसऱ्या दिवसाचा अपवाद सोडता, रात्री दहाच्या आत आल्या. तरीही दुपारपासून रात्रीपर्यंत, सलग पाच दिवस, गार जमिनीवर बसणे हे कमरेच्या दृष्टीने लहान काम नाही. ज्यांची कंबर अधूनमधून दुखते, जे एरवी चालते-फिरते असतात, पण बैठक म्हटली की ज्यांना धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मांडी घालून बसणे आपल्या रक्तातच आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते खुब्याच्या सांध्यांवर अवलंबून असते. वर्षभर ऑफिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे खुबे आखडलेले असतात. तो जमिनीवर बसतो तेव्हा त्याचे गुडघे कमरेपेक्षा वर राहतात, ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा मागे कलंडतो, कमरेचा आतला नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि पोक काढून माकडहाडाजवळ सगळा भार टाकल्याशिवाय त्याला बसताच येत नाही. अशा स्थितीत तासभर गेला की कण्यामागचे अस्थिबंध, म्हणजे हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, हळूहळू ताणले जातात आणि उठल्यानंतर ते लगेच पूर्ववत होत नाहीत. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा. बैठकीत न धरलेली कंबर पार्किंगमध्ये का धरते, याचे उत्तर त्यात आहे.

तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी आणि ती अगदी साधी असावी. रोज अर्धा तास चालावे. संध्याकाळचा चहा आणि वर्तमानपत्र जमिनीवर बसून उरकावे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग हळूहळू पाऊण तासापर्यंत जावे. उताणे झोपून एक गुडघा छातीशी घ्यावा, मग दुसरा घ्यावा आणि त्यानंतर एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून खुबा सैल करावा. महोत्सवाच्या आदल्या दिवशी एकदम उत्साहाने सूर्यनमस्कार घालण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

याच दिवसांत घरी आसनाची उंची ठरवून घ्यावी, कारण माझ्या मते निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. साधा लाकडी पाट घ्यावा, त्यावर घोंगडी किंवा जाड सतरंजी घडी करून ठेवावी आणि फक्त बैठकीची हाडे तिच्यावर येतील, मांड्या मात्र पुढे उतरत्या राहतील, असे तिच्या पुढच्या काठावर बसावे. मग गुडघ्यांकडे पाहावे. ते अजून खुब्याच्या वर असतील तर एक घडी वाढवावी. गुडघे खाली गेले की पाठ आपोआप सरळ होते आणि ती ताठ धरून ठेवण्याचा आटापिटा करावा लागत नाही. बहुतेकांना चार-पाच बोटे उंची पुरते. मऊ फोमची उशी दुकानात छान वाटते, पण तासाभरात दबून जमिनीला टेकते. पाट बरोबर नेणे जमणारे नसेल तर घट्ट गुंडाळून बांधलेली घोंगडी चालते. आत काय नेता येते याचे नियम प्रवेशिकेवर वाचून घ्यावेत. उंच आसनाचा एक तोटा असा की मागच्या श्रोत्याची नजर अडते आणि पुण्यात अशी तक्रार मनात ठेवली जात नाही. म्हणून जागा कडेची धरावी. तिथून मंच थोडा तिरका दिसतो, पण उठायला वाट मोकळी राहते.

ज्यांच्या कमरेतून पायात कळ उतरते किंवा गुडघेही कुरकुरतात, त्यांनी सरळ खुर्चीची प्रवेशिका काढावी. बैठक सोडली म्हणजे रसिकता सोडली, असे मुळीच नाही. मात्र अशा कार्यक्रमांतल्या खुर्च्यांची पाठ बहुधा मागे खोलगट असते. तिथे कमरेच्या वर, पट्टा बांधतो त्याच्या जरा वरच्या बाजूला, पंच्याची किंवा लहान टॉवेलची सुरळी ठेवावी आणि दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकवावेत.

आता प्रत्यक्ष बसण्याविषयी. सहा तास टिकेल असे एकही आसन अस्तित्वात नाही. कितीही उत्तम बसलेला माणूस त्याच स्थितीत राहिला तर अवघडतो. म्हणून आसन बदलायचे, आणि त्यासाठी घड्याळाऐवजी गाण्याचाच आधार घ्यायचा. विलंबित ख्यालाला मांडी घालावी. द्रुत सुरू झाली की एक पाय मोकळा सोडावा किंवा टाचांवर सतरंजीची घडी ठेवून वज्रासनात बसावे. राग बदलताना पाय दुसऱ्या बाजूला घ्यावेत. पाय लांब करायचे असतील तेव्हा अडचण अशी होते की कलाकाराकडे तळपाय करून बसणे आपल्याला बरे वाटत नाही, आणि ते योग्यच आहे; अशा वेळी शरीर थोडे तिरके करून पाय मंचाच्या एका बाजूला पसरावेत आणि वर शाल टाकावी. बसल्या जागी कोणाच्या लक्षातही येणार नाही अशी एक हालचाल मला फार उपयोगी पडली आहे: पोट किंचित आत घेऊन कंबर मागे कलंडवायची, मग हळूच पुढे आणायची, असे सावकाश दहा वेळा करायचे. डोलणाऱ्या श्रोत्यांत ती सहज खपून जाते.

तंबोरे जुळवले जात असतात, तबलजी हातोडी घेऊन तबला लावत असतो आणि निवेदक पुढच्या कलाकाराची गुरुपरंपरा सांगत असतो, ती दहा-पंधरा मिनिटे कमरेची असतात. ती मोबाइल पाहत बसून घालवू नयेत. उठताना मात्र मांडीतून थेट पुढे वाकून उभे राहू नये. आधी गुडघ्यांवर यावे, एक पाय पुढे रोवावा आणि त्याच मांडीवर हात टेकून वर यावे. उभे राहिल्यावर तळहात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा हलकेच मागे झुकावे आणि मंडपाला एक फेरी मारावी. वयस्कर व्यक्तींपैकी काहींना उभे राहून किंवा चालून पाय भरून येतात आणि पुढे वाकल्यावर आराम पडतो. कण्यातली जागा अरुंद झालेली असली की असे होते, आणि त्यांनी मागे झुकण्याचा व्यायाम टाळावा. स्वच्छतागृहाची रांग नको म्हणून पाणीच न पिणारे पुष्कळ असतात. पाणी प्यावे, त्या निमित्ताने उठणेही होते.

गाणे संपल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत जोखमीचा असतो. काही वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी रात्री बाहेर आलो तेव्हा माझी स्कूटर दोन मोटारसायकलींच्या मध्ये अडकली होती. कानात अजून भैरवी होती, थंडीने अंग आखडले होते आणि मी मागचे हँडल धरून स्कूटर उचलून बाजूला सरकवली. कमरेत अशी चमक निघाली की तशीच पकडून बाजूच्या कठड्यावर बसलो आणि उरलेले दोन दिवस घरी काढले. दोष स्कूटरच्या वजनाचा नव्हता. ताणले गेलेले अस्थिबंध घेऊन मी सहा तासांच्या बैठकीनंतर लगेच वाकलो आणि उचलले, हा होता. म्हणून बाहेर पडल्यावर आधी पाच-दहा मिनिटे चालावे, गाडी कोणाच्या तरी मदतीने काढावी आणि डबल स्टँड लावण्या-काढण्याचे काम त्या आठवड्यापुरते टाळावे. आता स्वारगेटपर्यंत मेट्रोने येऊन पुढे रिक्षा करता येते, त्यामुळे गतिरोधकांचे धक्केही चुकतात.

बाहेरगावाहून येऊन नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना रात्री जमिनीवरच्या गादीवर झोपावे लागते. नुसत्या फरशीवर झोपले की कंबर बरी होते, हा समज सोडून द्यावा. फार कडक अंथरुणापेक्षा मध्यम घट्ट अंथरूण कमरेला मानवते. कापसाची जुनी गादी मध्ये दबलेली असेल तर तिच्याखाली सतरंजीची घडी घालावी. उताणे झोपणाऱ्यांनी गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. झोपण्यापूर्वी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेक घ्यावा, पण ती पाठीखाली घेऊन झोपी जाऊ नये. मणक्यांमधल्या गाद्या रात्री पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे सकाळचा पहिला तासभर वाकणे कमरेला जड जाते. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे, मोजे बसून घालावेत, बादली उचलू नये आणि अंथरूण आवरण्याचे काम यजमानांवर सोडावे.

गोळ्यांच्या बाबतीत एवढेच सांगेन की शेजारच्या श्रोत्याने पर्समधून काढून दिलेली वेदनाशामक गोळी घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे उपाशीपोटी तर वाईटच. पण पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, अथवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. कमरपट्टा प्रवासापुरता ठीक आहे. हाडे बसवून देणाऱ्यांच्या हाती दुखरी कंबर देऊ नये.

साधी कंबरदुखी आणि धोक्याची कंबरदुखी यांतला फरक मात्र ओळखता आला पाहिजे. लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, एका किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, तर त्याच रात्री, गाणे अर्धवट सोडून, रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. दुखण्याबरोबर ताप असेल, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, हाडे ठिसूळ असतील, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर महोत्सव संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

यांपैकी काही नसेल आणि सोमवारी सकाळी कंबर नुसती जड वाटत असेल, तर दिवसभर पडून राहू नये. पडून राहिल्याने ती अधिक आखडते. दोनदा पंधरा-वीस मिनिटे चालावे आणि नेहमीची कामे सावकाश करावीत. सतरंजी माळ्यावर टाकण्याचे काम तेवढे घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे.